दोराबजींची हौस

केंब्रिजच्या मैदानावर क्रिकेट खेळलेला एक तरुण पुढे पोलादाचा कारखानदार झाला आणि दख्खनच्या अनवाणी धावपटूंना ऑलिंपिकला धाडायला पुढे सरसावला. सर दोराबजी टाटा यांच्या चरित्रातला हा भाग कोल्हापूरकरांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. नभोवाणीवरील भाषणाचा हा संपादित अंश.

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण आपल्याकडे लग्नाच्या मांडवापासून तालमीच्या आखाड्यापर्यंत कुठेही ऐकू येते. पण हौसेला पैसे लागत नाहीत, असा काही या म्हणीचा अर्थ नव्हे. हौस करणारा पैसे मोजत बसत नाही, एवढंच ती सांगते. मग एक तर ते मोजणारा दुसरा कोणीतरी असतो, नाहीतर मोजण्याची वेळच येऊ नये इतकी घरची सुबत्ता असते. खेळांच्या इतिहासात ही गोष्ट फार ठळकपणे दिसते. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्या सर दोराबजी टाटांना आपण पोलादाचा कारखाना उभारणारे उद्योगपती म्हणून ओळखतो. परंतु त्याआधी ते एक हौशी खेळाडू होते. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, होडी वल्हवणं, धावणं, घोड्यावर बसणं, सगळ्यांत रस असलेले. आणि आपल्या हौसेचं मोल कोणी दिलं, याचा विसर त्यांनी पडू दिला नाही, हे त्यांचं वेगळेपण.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. जमशेटजी टाटांचे ते थोरले चिरंजीव. ते लहान होते तेव्हा मुंबईतल्या पारशी पोरांना क्रिकेटचं वेड लागलेलं होतं. इंग्रज सोल्जरांचा खेळ पाहून पाहून ही मुलं शिकली. यष्टींच्या जागी टोप्या आणि बॅटच्या जागी जुन्या छत्र्या, असा तो सुरुवातीचा थाट. १८४८ मध्ये त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. हिंदुस्थानी लोकांनी स्थापन केलेला हा पहिला क्रिकेट क्लब. त्यानंतर अनेक क्लब निघाले, बरेचसे बंदही पडले. पण खेळ टिकला. पारशी समाजातल्या व्यापारी पेढ्यांचा पैसा या खेळामागे उभा राहिला, हे त्या टिकण्याचं एक कारण.

सोळाव्या वर्षी दोराबजींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आलं. आधी केंट परगण्यात एका खासगी शिक्षकाकडे आणि १८७७ पासून केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात. दोन वर्षं ते तिथे होते. कॉलेजच्या क्रिकेट आणि फुटबॉल संघांत त्यांनी मानाचं स्थान मिळवलं, टेनिस खेळले, वल्हवण्यात तरबेज झाले, धावण्याच्या शर्यती जिंकल्या. पुढे परत आल्यावर मुंबईहून खडकीपर्यंत न थांबता नऊ तासांत घोडा दौडवल्याची हकीकतही त्यांच्याबद्दल सांगितली जाते.

त्या काळचं इंग्लंडमधलं क्रिकेट कसं होतं, हे इथे समजून घ्यायला हवं. तिथे खेळाडूंच्या दोन जाती होत्या. एक ‘जंटलमन’, म्हणजे घरचं खाऊन खेळणारा हौशी. दुसरा ‘प्लेअर’, म्हणजे मजुरी घेऊन खेळणारा. दोघे एकाच संघातून खेळत, पण मैदानात उतरण्याचे दरवाजे वेगळे, कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या आणि छापील धावफलकावर नाव लिहिण्याची पद्धतसुद्धा वेगळी. हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची नंतर. खेळ तोच, घाम तोच, पण प्रतिष्ठा हौशीला. आणि हौशी राहणं कोणाला परवडत होतं, तर ज्याच्या घरी जमीनजुमला किंवा व्यापारउदीम आहे त्यालाच.

आपल्याकडे या विषमतेवर जातीचा आणखी एक थर चढला. १८९० च्या दशकात पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात पळवणकर बाळू नावाचा एक चर्मकार समाजातला मुलगा महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटण्याचं आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचं काम करत होता. तासन्‌तास गोलंदाजी करायची, पण बॅट हातात मिळायची नाही. हाच बाळू पुढे हिंदू संघाचा आधार झाला आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही पुण्यात संघातले सवर्ण गडी आत पेल्यातून चहा घेत असताना त्याला मात्र मांडवाबाहेर मातीच्या भांड्यातून चहा मिळे. दोराबजी केंब्रिजहून परतले ते या अशा मुलुखात.

१८७९ मध्ये परत आल्यावर त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजातून १८८२ मध्ये पदवी घेतली. मग लगेच पेढीवर बसले असतील, असं आपल्याला वाटेल. पण नाही. दोन वर्षं त्यांनी ‘बॉम्बे गॅझेट’ या वर्तमानपत्रात बातमीदारी केली. १८८४ मध्ये वडिलांच्या पेढीच्या कापूस विभागात ते दाखल झाले. कापड गिरणी काढणं फायद्याचं ठरेल का, हे पाहण्यासाठी जमशेटजींनी त्यांना पाँडिचेरीला धाडलं. नंतर १८७७ पासून चालू असलेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये ते धंदा शिकले. सूत, सरकी, यंत्रं, मजूर, हिशेब, सगळं खालपासून.

याच सुमारास मुंबईत खेळांना संस्थेचं रूप येत होतं. १८८५ मध्ये पारशी जिमखाना निघाला. त्याच्या संस्थापकांत जमशेटजी टाटाही होते. १८८६ मध्ये पारशांचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. २८ सामने खेळला, १९ हरला, ८ अनिर्णित राहिले आणि जिंकला फक्त एक. दोनच वर्षांनी दुसरा संघ गेला. त्याने ३१ सामन्यांपैकी ८ जिंकले, ११ गमावले. हे दौरे सरकारने काढलेले नव्हते. वर्गणी, पेढ्यांची मदत आणि पदरमोड यांवर ते पार पडले. दोराबजी या संघांतून खेळले नाहीत. त्यांनी निवडलेलं काम निराळं होतं आणि त्यात टाळ्या कमी होत्या. मुंबईतल्या शाळाशाळांना एकत्र करून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी क्रीडासंघटना उभी करायला हातभार लावला आणि तिचे सरचिटणीस म्हणून काम केलं. आधी शाळांचे क्रिकेट सामने, मग धावण्या-उड्यांच्या शर्यती. इंग्लंडमध्ये आपल्याला जे मिळालं ते इथल्या मुलांना मिळावं, एवढाच हेतू. मुंबईच्या शालेय क्रिकेटमधून पुढे कितीतरी कसोटीवीर निघाले, हे आपण जाणतोच. त्या परंपरेच्या आरंभी जी माणसं राबली, त्यांत दोराबजींचं नाव आहे.

१९०४ च्या मे महिन्यात जमशेटजी जर्मनीत वारले. पोलादाचा कारखाना, जलविद्युत आणि विज्ञानसंस्था ही त्यांची स्वप्नं तेव्हा कागदावरच होती. ती उभी करण्याचा भार दोराबजी, त्यांचे धाकटे बंधू रतनजी आणि चुलते-मावसे मिळून घरच्या मंडळींवर पडला. लोखंडाचा शोध तर जमशेटजी हयात असतानाच सुरू झाला होता. अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड यांच्याबरोबर दोराबजी चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या रानात बैलगाडीने हिंडले. वाघांचं जंगल, पाण्याची टंचाई आणि इतकं करून खनिज पुरेसं नाही, असा निष्कर्ष. हे सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेबांची भेट व्हायला वेळ होता, म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवर भूगर्भाचा एक नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्हा लोखंडाच्या खुणेने रंगवलेला होता. तिथून तपासाला नवी दिशा मिळाली. पुढे प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे मयूरभंज संस्थानातल्या खाणी कळल्या आणि साकची हे गाव कारखान्यासाठी ठरलं. तेच आजचं जमशेदपूर.

कारखान्याला भांडवल हवं होतं. लंडनच्या बाजारात दाद लागली नाही. १९०७ मध्ये दोराबजींनी मुंबईत भागविक्री काढली. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी ती पुरी केली. स्वदेशीच्या वाऱ्याचा तो काळ. १९१२ मध्ये पोलाद निघालं. या गावाची आखणी करताना रुंद रस्ते, झाडं, बागा आणि फुटबॉल-हॉकीसाठी मोठी मैदानं राखून ठेव, असं जमशेटजींनी मुलाला आधीच लिहून ठेवलं होतं. मैदानाची जागा कारखान्याच्या नकाशातच काढून ठेवावी लागते, मागाहून ती मिळत नाही, हे त्या बापलेकांना ठाऊक होतं.

आता आपण आपल्या विषयाच्या गाभ्याशी येतो. पुण्यात १९०६ मध्ये बंडोपंत भाजेकरांनी डेक्कन जिमखाना स्थापन केला होता. दोराबजींना त्याचं अध्यक्षपद देण्यात आलं. पहिल्या महायुद्धानंतर तिथे झालेल्या शर्यतींत त्यांनी एक दृश्य पाहिलं. धावायला आलेली बरीचशी मुलं शेतकऱ्यांची होती. पायात काही नाही, शिकवणारा कोणी नाही, शर्यतीचे नियमही पुरते ठाऊक नाहीत. लांब पल्ल्याची शर्यत तर पुण्याच्या खडीच्या रस्त्यांवरून, तीही अनवाणी. पण घड्याळ पाहिलं तेव्हा दोराबजी चकित झाले. काहींची वेळ युरोपातल्या तयार धावपटूंच्या जवळपास जात होती. केंब्रिजमध्ये धावलेल्या माणसाला त्या आकड्यांचा अर्थ लगेच कळला. या मुलांना चांगलं अन्न आणि जाणता शिक्षक मिळाला तर ती देशाचं नाव काढतील, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी निवडक तीन धावपटूंना स्वखर्चाने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवण्याची तयारी दाखवली. पुण्यातल्या राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींनी ती कल्पना उचलून धरली आणि तीन धावपटूंऐवजी पुरा संघच पाठवायचं ठरलं. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडून हिंदुस्थानला प्रवेश मिळाला.

पुण्यात निवड चाचणी झाली. निवडलेली सहा नावं पाहा. बंगालचे बॅनर्जी, बेळगावचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे दातार, हुबळीचे कैकाडी. आणि दोन मल्ल, मुंबईचे नवले व आपल्या कोल्हापूरचे शिंदे, ज्यांची ऑलिंपिकच्या दप्तरी ‘रणधीर शिंदे’ अशी नोंद आहे. बंगालचे बॅनर्जी सोडले तर बाकीचे पाचही जण तेव्हाच्या मुंबई इलाख्यातले आणि त्याला लागून असलेल्या आपल्या दख्खनी मुलुखातले. ही मंडळी बोटीने इंग्लंडला गेली, तिथे काही दिवस सराव केला आणि मग अँटवर्पला उतरली. २२ ऑगस्ट १९२० रोजी झालेली मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. शिंदे फ्रीस्टाइल कुस्तीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. कांस्यपदकाची कुस्ती ते ब्रिटिश मल्लाकडून हरले. पदक हाती लागलं नाही, पण मातीत घुमलेला मल्ल पहिल्याच फेरीला पदकाच्या उंबऱ्यापर्यंत पोचला, ही काही लहान गोष्ट नव्हती.

कोल्हापूरचा मल्ल तिथवर गेला यात नवल नाही. शाहू महाराजांनी इथे तालमी सांभाळल्या, मल्लांना खुराक दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान बांधून पुरं केलं. जातपात न पाहता पैलवानाला आश्रय मिळत होता. दोराबजींची रीत आणि महाराजांची रीत वेगळी. एक संस्था, नियम, निवड समिती आणि वर्गणी यांच्या वाटेने चाललेला, दुसरा राजाश्रयाच्या. पण दोघांना एक गोष्ट सारखीच उमगली होती. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत आहे, त्याला ‘तू हौसेने खेळ’ म्हणून सांगणं ही थट्टा आहे. त्याची हौस दुसऱ्या कोणाला तरी पेलावी लागते.

ही कथा इथेच संपवली असती तर ती गोड झाली असती. पण इतिहास असा अर्धा सांगता येत नाही. अँटवर्पनंतर वर्षही उलटलं नव्हतं, तोच १९२१ च्या एप्रिलमध्ये मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीज कंपनीचं धरण तिथे व्हायचं होतं आणि मावळ्यांच्या पिढीजात भातशेतीवर पाणी चढणार होतं. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी धरणाच्या जागेवर जाऊन बसले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. सरकारने कायद्याने जमीन घेतली आणि काही वर्षांत धरण उभं राहिलं. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, पण मुळशीकरांची शेतं गेली ती गेलीच. टाटा समूहाचे प्रमुख तेव्हा दोराबजीच होते. ज्या दख्खनी शेतकऱ्याच्या अनवाणी पायांतली ताकद त्यांनी ओळखली, त्याच शेतकऱ्याचा त्याच्या मातीवरचा जीव त्यांच्या कंपनीच्या हिशेबात बसला नाही. खेळाच्या मैदानावरची उदार दृष्टी व्यवहाराच्या मैदानावर तितकीच उदार राहतेच असं नाही. त्यांचं मोठेपण सांगताना हेही सांगितलं पाहिजे.

त्याचबरोबर वेळ आली तेव्हा स्वतःचं सर्वस्व पणाला लावायलाही ते कचरले नाहीत. १९२४ मध्ये पोलाद कारखाना मोडकळीस आला. मजुरांचे पगार द्यायला पैसे नव्हते. दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता आणि पत्नी मेहेरबाई यांचे दागिने इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटी रुपयांचं कर्ज उभारलं. त्या दागिन्यांत कोहिनूरपेक्षाही मोठा असलेला ‘ज्युबिली’ हिरा होता. मेहेरबाई स्वतः टेनिस खेळत, त्याही साडी नेसून. नवराबायको दोघांचीही खेळाची हौस सारखी आणि ती पुरवणारा पैसा कारखान्यावर अवलंबून. तरी कारखान्यासाठी दागिने काढून देताना त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकलाही हिंदुस्थानचा संघ गेला, त्यामागेही दोराबजी होतेच. १९२७ मध्ये इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी ती धुरा पतियाळाच्या महाराजांकडे गेली. त्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये आपल्या हॉकी संघाने पहिलं सुवर्णपदक जिंकलं.

१९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींना मूलबाळ नव्हतं. मार्च १९३२ मध्ये त्यांनी आपली जवळजवळ सारी संपत्ती विश्वस्त निधीला देऊन टाकली. मुंबईतली टाटा समाजविज्ञान संस्था, परळचं टाटा कर्करोग रुग्णालय आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था या निधीतून पुढे उभ्या राहिल्या. ३ जून १९३२ रोजी जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे दोराबजींचं निधन झालं. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २५ जूनला, लॉर्ड्सवर हिंदुस्थान आपला पहिला कसोटी सामना खेळायला उतरला. त्या सामन्यातले कर्णधार सी. के. नायडू हे नागपूरचे, ज्या गावात दोराबजी धंदा शिकले तिथले. तो दिवस त्यांना पाहता आला नाही.

दोराबजींनी घातलेली घडी पुढे नीट बसली का, याचं उत्तर कोल्हापूरइतकं दुसरं गाव देऊ शकत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव इथे राजाराम कॉलेजात शिकत होते. १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. देश स्वतंत्र झाला होता, ऑलिंपिक संघटना पंचवीस वर्षांची झाली होती, तरी एका पैलवानाला दारोदार हात पसरावा लागला. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९२० मध्ये शिंद्यांच्या हातून निसटलेलं पदक बत्तीस वर्षांनी आपल्याच भागातल्या मल्लाने मिळवलं, पण त्यासाठी एका शिक्षकाला आपल्या डोक्यावरचं छप्पर पणाला लावावं लागलं. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे कांस्यपदक घेऊन आला, तेव्हा खाशाबांच्या पदकाला ७२ वर्षं झाली होती.

पोलादसम्राटाने हिरा गहाण टाकला आणि प्राचार्याने घर. दोन्हींचं मोल बाजारात एक नव्हे, पण वृत्ती एकच. फरक इतकाच, की दोराबजींकडे हिरा गेल्यावरही बरंच काही उरणार होतं. खर्डेकरांकडे तसं नव्हतं. आज आपल्या गावात पहाटे धावायला निघालेला एखादा मुलगा दिसला, तर त्याचे पाय जरूर पाहावेत. त्या पायांत बूट कोणी घालायचे, हा प्रश्न दोराबजींनी शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. त्याचं उत्तर दर वेळी एखाद्या भल्या माणसाच्या पदराकडे पाहून द्यावं लागू नये.